डावा कान

गोवा राज्य व्हायच्या आधीच्या हंगामात मी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवत होतो. खेपा जास्त व्हाव्यात म्हणून पहाटे नुसत्या चहावर निघायचो. वाटेत थांबावं लागू नये म्हणून पाणीही पीत नसे. दुपारी पेज, तोंडी लावायला खारातला तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी, आणि सुका बांगडा. झोप कधीच पुरी व्हायची नाही.

एका सकाळी भरलेला ट्रक उतरणीला लागला आणि डावा कान दडपला. आत शिटी वाजू लागली. समोरचा रस्ता गरगर फिरू लागला. कसाबसा ट्रक कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. खाली पाय टेकला तोच कोसळलो, ओकलो. मागचा ड्रायव्हर धावत आला.

"सकाळीच सोरो घेतलास रे?"

मी दारूला कधी शिवलो नव्हतो. पण सांगायला तोंड उघडलं की पुन्हा ओकारी येई. दुपारपर्यंत खाणीवर बातमी पसरली. मुकादमाने काही न विचारता चावी मागून घेतली.

पणजीच्या डॉक्टरांनी कान तपासला.

"आतल्या कानाचा विकार आहे. तिथलं पाणी वाढलं की तोल जातो."

"पण कान दुखत नाही."

"नाही दुखत. मीठ कमी करा. चहा, विडी सोडा, वेळेवर झोपा. आणि ट्रक आता नको."

बायको पेडण्याची. घरी येताच तिने तोराची बरणी शेजारणीला देऊन टाकली. मी चिडलो.

"माका घोव होयो, लोणचा नको," ती म्हणाली.

त्याच दिवसांत राजभाषा कोकणी की मराठी यावरून रस्ते अडवले गेले. सगळेच ट्रक उभे राहिले, त्यामुळे माझं घरी बसणं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. अळणी पेज गिळत होतो, दुपारी झोपत होतो. चक्कर आली नाही.

पुढे त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग देण्याचं काम मिळालं. राज्य झालं त्या वर्षी गावच्या जत्रेत जागलो, वर चहा आणि खारे शेंगदाणे झाले. दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळलो. त्यानंतर पथ्य पाळ म्हणून मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

हळूहळू चकरा थांबल्या. डावा कान मात्र जवळजवळ गेला. बसमध्ये मी डाव्या खिडकीशी बसतो, म्हणजे शेजारचा काय बोलतो ते ऐकू येतं.