हलगीची मजुरी

दोन हजार तेवीस साल. मी सहासष्ट वर्षांचा, कुवेतमधल्या रिग्गईत शिलाईकाम करत होतो. गावाकडच्या बंद घराची पट्टी थकली होती. पालिकेने दारात हलगी वाजवली, जप्तीची नोटीस डकवली आणि हलगीवाल्याची मजुरीही माझ्याच नावावर चढवली.

फरवानियाच्या बसमध्ये पुतण्याचा फोन आला. "सगळं भरा, नाहीतर घराला सील लागेल."

"पट्टी देईन. माझी अब्रू काढल्याची मजुरी नाही देणार," मी ओरडलो.

शेजारी बांधकामावरचा एक माणूस मांडीवरचा डबा बोटांनी वाजवत होता. त्याची बोटं थांबली.

"काका, आमच्या गावात ती हलगी मीच वाजवायचो," तो म्हणाला. "लोक पट्टी भरायचे, माझ्या मजुरीवर अडायचे. साहेब म्हणायचा, वसूल झाली की देऊ. कंटाळून इकडं आलो."

"मग लोकांच्या दारात वाजवायचीच कशाला?"

"तुम्ही या वयात कशाला शिवता?" माझ्या गळ्यातल्या मापाच्या टेपकडे बघत तो म्हणाला.

एवढं बोलून तो उतरला. नाव विचारायचं राहिलं. अंग मोडून आलं होतं, तरी खोलीवर त्याची ती थांबलेली बोटंच दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मी पैसे पाठवले. पुतण्याला सांगितलं, "हलगीचे आधी भर. आणि त्या हलगीवाल्याच्या हातात पडले का, ते स्वतः बघून ये."