काय कापायचंय?

भवानी पेठेतले धारवाले चाचा कात्री हातात घेतली की आधी विचारतात, "काय कापायचंय?" जाड चादरीला एक धार, ब्लाऊजच्या कापडाला दुसरी, असं त्यांचं म्हणणं. उत्तर मिळेपर्यंत ते मोटर चालू करत नाहीत. वीस वर्षं मी शिवणकाम करतेय, तरी दर वेळी तोच प्रश्न. कधीकधी चीड येते.

प्रचारसभेच्या आदल्या दिवशी मी तिथं कात्री घेऊन गेले होते. तेवढ्यात तिघं कार्यकर्ते एक तलवार घेऊन आले. ती स्टेजवर साहेबांना भेट द्यायची होती.

चाचांनी पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. "काय कापायचंय?"

तिघं हसले. "सत्काराची हाय, चाचा."

"मग बोथट चालते की."

"राडा झाला तर? बचावाला पायजे."

"म्हंजे माणूस कापायचाय." चाचांचा आवाज चढला नाही. "सभेत हत्यार न्यायला बंदी हाय. मी न्हाय लावणार धार."

"उद्या दुकान कसं उघडतो तेच बघतो," असं म्हणत ते तलवार उचलून गेले. चाचांनी माझी कात्री घेतली, मोटर चालू केली. मी मात्र सगळा वेळ खाली मान घालून बसले होते. घरी गेल्यावर त्याचीच लाज वाटली.

सकाळी दुकान रोजच्या वेळेला उघडलं. मी कात्री पुढं केली. चाचांनी ती नखावर टेकवली.

"ताई, कालच लावली की हिला."

"माहीत हाय," मी म्हटलं, आणि दारातच स्टूल टाकून बसले.