दहाचं ॲव्हरेज

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, म्हनून मी नुसतं 'हे' म्हनते. गाव त्यास्नी छगन ड्रायव्हर म्हनतं. आप्पासाहेबांची जीप हे चालवायचे. आप्पासाहेब म्हंजे मोठे बागाईतदार, वर गावच्या सोसायटीचे चेअरमन. जीप त्यांची, पन मिजास आमच्या घरात. सकाळी उठल्याबरुबर हे जीपचं बॉनेट फडक्यानं पुसनार, तिच्याशी गोड गोड बोलनार. माझ्याशी बोलायची येळ आली की तोंडात तंबाकू.

आन् एकच हेका. "आपली गाडी लिटरला दहा किलोमीटर देती. दहा म्हंजे दहा." लग्नात दहा, मयतीत दहा. एकदा तेराव्याच्या पंगतीत शेजाऱ्याला बोटं दाखवून दहाचं ॲव्हरेज सांगत बसले, तर वाढप्यानं ताटात लाडवांचा ढीग घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी मात्र सगळे खाल्ले.

मग पेट्रोलचा भाव भडकला, आन् तवाच आप्पासाहेबांचे मुंबईचे जावई संक्रांतीला आले. सासऱ्याला तिळगुळासंगं एक काटा दिला. बशीएवढं गोल भांडं, वर काच, आत लाल काटा. जीपला बसवला की लिटरला किती किलोमीटर पडत्यात ते म्हने आपोआप दिसतं. बसवला. चढाला काटा खाली पडायचा, उताराला वर उडायचा, आन् सपाटीला नवावर येऊन बसायचा. म्हशीनं डबक्यात बसावं तसा. उठायचं नावच न्हाई.

"मामा, यंत्र खोटं बोलत नाही," जावई म्हनले. "दहातला एक किलोमीटर कुठं जातो, ते ड्रायव्हरला विचारा."

हे तडकले. "काटा मुंबईचा हाय. त्याला आमच्या रस्त्यातलं काय कळतंय?"

आप्पासाहेब मानूस वाईट न्हाई, पन कानाचा हलका. त्यांनी फैसला केला. जीपची टाकी रिकामी करायची, डेअरीच्या लिटरच्या मापानं एकच माप पेट्रोल वतायचं, आन् बंद पडंस्तवर चालवायची. दहा भरले तर काटा उपसून फेकून द्यायचा. नव भरले तर छगननं किल्ली ठिवायची आन् पेट्रोलचोर म्हनून घरी बसायचं.

ह्यास्नी वाटलं, झालं, जितलो! घरी येऊन मला म्हनले, "झुंबर, उद्या पुरन घाल." मी घातलं बी. येडी मी.

आता किलोमीटर मोजायचे कशानं? जीपचा आकडेवाला मीटर तर कधीचा मेलेला. म्हनून ठरलं की कोल्हारच्या पुलापासनं आमच्या वाडीकडं यायचं आन् रस्त्याकडंचे दगड मोजायचे. त्या दगडांवर आकडेच नव्हते. परवाच्या बहात्तरच्या दुष्काळात मंत्री खडी फोडायचं काम बघायला येनार म्हनून सगळ्या दगडांना चुना फासला हुता. जुने आकडे चुन्याखाली गेले, नवे मागनं रंगवायचे हुते. मंत्री आलेच न्हाईत, मग आकडे कशाला कोन घालतंय? म्हनून आप्पासाहेबांनी नेम केला, जेवढे दगड डोळ्यानं दिसतील तेवढेच धरायचे.

त्या दिवशी अवस हुती. मी रस्त्याकडंला लिंबाखाली म्हसोबाजवळ हुते. हा म्हसोबा आमच्या वाडीचा लई जागृत देव. तीनेक वर्सामागं एका सकाळी आपोआप उगवला. त्याला शेंदूर लावायचा मान माझा, कारन पैला नवस मी बोलले. काय नवस? की बाबा, आमच्या ह्यांचा धंदा चाकावरचा, ह्यांच्या चाकाखाली कुनी येऊ नये आन् ह्यास्नी काय होऊ नये. दर अवसेला तेलात शेंदूर कालवून मी देवाला लेप द्यायची. लेपावर लेप चढून देव चांगला बाळसेदार झालेला. निवडून आल्यावर आप्पासाहेबांनी वर पत्रा बी घालून दिला.

तर मी नारळ हातात घेऊन उभी, आन् तिकडनं जीप आली. आप्पासाहेब धान्य मापल्यागत मोठ्यानं मोजत हुते. एकाच्या जागी लाभ, मग दोन, तीन करत नवापर्यंत आल्ते. म्हसोबाच्या पुढ्यात येऊन जीपनं दोन आचके दिले आन् गप झाली. पेट्रोल संपलं.

"दहा!" हे उडी मारून वरडले.

"दहावा दगड दाखव," जावई म्हनले.

सगळे इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात. पुढं रस्ता मोकळा, दगड पार लांब, ओढ्याच्या पल्याड दिसत हुता. गाव गोळा झालं.

"छगन, अरे नवच की रं," आप्पासाहेब म्हनले. त्यांचा बी आवाज पडला हुता. "किल्ली ठिव."

ह्यांच्या तोंडावरचं पानीच पळालं. एकडाव म्हसोबाकडं बघत्यात, एकडाव माझ्याकडं. मग पानी प्यायचं निमित्त करून माझ्याजवळ आले आन् हळूच म्हनले, "झुंबर, दहावा दगड ह्यो हाय."

"कंचा?"

"ह्योच. तुझा म्हसोबा."

मी म्हनलं, उन्हानं डोकं फिरलं ह्यांचं. पन त्यांनी सांगितलं ते असं. तीन वर्सामागं आप्पासाहेबांना न इचारता जीप काढून हे मला माहेराहून आनायला निघाले हुते. ऐटीत. हितं जीप दगडावर घातली. दगड उपटून पडला, गावाचं नाव लिवलेला टवका उडाला. सरकारी दगड पाडला म्हनून चौकशी हुईल, चोरून गाडी काढल्याचं बाहीर यील, म्हनून ह्यांनी दगड लिंबाखाली उभा केला आन् गॅरेजातला शेंदरी रंग फासला. देवाला कोन इचारतंय की तू हितं कसा आलास? दुसऱ्या दिवशी बघत्यात तर म्होरं नारळ फुटलेला. तो नारळ माझाच हुता!

मला असा राग आला म्हनून सांगू! तीन वर्सं मी त्या दगडाला हात जोडत हुते, उपास धरत हुते, आन् हा मानूस शेजारी उभा राहून परसादाचं खोबरं खात हुता!

"आता सांगा की मग सगळ्यांना!" मी दात खाऊन म्हनलं.

"कसं सांगू? देवाला किलोमीटर म्हनलं तर गाव मला हितंच पुरंल."

ते बी खरंच हुतं. आन् न सांगावं तर जन्माचा चोर. आन् तो दहावा दगड लेप देऊन देऊन बुजवला कुनी? मीच, माझ्या ह्या हातानं.

हातात नारळ हुता. ह्यांच्या टाळक्यात घालायचा त्यो मी सगळा जीव लावून देवाच्या टाळक्यात घातला. "सांग बाबा, तूच सांग आता!"

नारळ फुटला आन् देव बी तडकला. शेंदराचा जाड पापुद्रा भाकरीएवढा सुटून खाली पडला. आत पांढरा दगड, आन् त्याच्यावर काळा कुळकुळीत आकडा. दहा.

बाकीच्या दगडांना चुना फासला तवा ह्यो आधीच देव झाला हुता, म्हनून ह्याचा आकडा तेवढा वाचला. मग आप्पासाहेब धोतराचा सोगा सावरीत धाडकन लोटांगनात पडले. "देव बोलला! दहा म्हनला! माफी कर रं बाबा, छगनवर आळ घेतला मी!"

"अहो मामा, हा तर रस्त्याचा दगड..." जावई बोलाय लागले.

"गप बसा!" आप्पासाहेब पडल्या पडल्याच गरजले. "नारळ वाहा आधी!"

जावयांनी गुमान नारळ वाहिला. काटा तितंच उपसला आन् देवाच्या पत्र्याला टांगला. अजून हाय तितं, नवावर अडकलेला.

कॅनमधनं पेट्रोल आलं. देव बोलता केला म्हनून आप्पासाहेबांनी मला म्होरं बसवून घरी पाठवलं, सोता गावाबरुबर भजन करत चालत आले. जीपमधी आमी दोघंच. मी तोंड फिरवून बसले हुते.

"परसाद खाताना घशात अडकला न्हाई का वो तुमच्या?"

"अडकायचा," हे म्हनले. गियर बदलला. मग म्हनले, "तू हात जोडून म्हनायचीस, ह्यांच्या चाकाखाली कुनी येऊ नये. मी मागं उभा असायचो. दगडाला काय ऐकू जातंय गं? म्हनून मग मीच ऐकून घ्यायचो. तवापासनं कोंबडी आडवी आली तरी गाडी उभी करतो मी."

मला रडू बी आलं आन् हसू बी आलं. पुरनाची पोळी मात्र त्या दिवशी मी ह्यास्नी एकच वाढली.

पुढच्या अवसेला शेंदूर कालवून गेले. लेप दिला, दहाचा आकडा तेवढा मोकळा सोडला. हे सवयीनं माझ्यामागं जाऊन उभे राहिले.

मी म्हनलं, "मागं नगा. म्होरं या असं, माझ्या समोर उभं ऱ्हावा. नवस बोलायचाय मला."