माझी कॉल साइन, डॉक्टरचा आवाज

हॅम रेडिओच्या जगात आडनाव नसतं. सरकार परीक्षा घेऊन परवाना देतं आणि त्याबरोबर अक्षरं-आकड्यांची एक कॉल साइन देतं. हवेवर तेच तुमचं नाव. पलीकडचा माणूस गाव विचारतो, हवामान विचारतो, अँटेना कोणती लावलीय ते विचारतो आणि तिथे थांबतो. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याच्या बौद्धवाडीत जन्मलेल्या माणसाला ह्या थांबण्याची किंमत काय असते, ते ज्याला कोणी कधी ‘कापड्यात नेमकं कुठे?’ असं विचारलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

मला ते डॉक्टरने विचारलं होतं. मी महाडला शाळेत विज्ञान शिकवतो. डॉक्टरचा दवाखाना महाडातच, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण आमची ओळख झाली ती हवेवर. रोज संध्याकाळी गप्पा व्हायच्या. अँटेनेचं काही अडलं की तो मला विचारायचा, ‘सर, तुम्ही सांगा.’ मग एके दिवशी त्याने दवाखान्यात चहाला बोलावलं. गाव कोणतं? कापडे. कापड्यात नेमकं कुठे? मी सांगितलं. तो ‘अच्छा, अच्छा’ म्हणाला आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. वाईट वागला असं मी म्हणणार नाही. फक्त त्या दिवसापासून मी ‘सर’चा ‘मास्तर’ झालो आणि ‘तुम्ही’चा ‘तू’. वयाने तो माझ्याहून लहान आहे. मी त्याला अजून अहो-जाहो करतो. इथे लिहिताना एकेरी लिहितोय. तेवढी सूट मी घेतली आहे.

पुराच्या वर्षी महाडातले सगळे मोबाइल मुके झाले, तेव्हा त्याची फोर बाय फोर जीप आणि माझा रेडिओ असे आम्ही दोघं दरडी कुठे कोसळल्या, माणसं कुठे अडकलीत, ह्याचे निरोप पोहोचवत फिरलो. नंतर पेपरात फोटो आला. त्यात डॉक्टर आहे, जीप आहे आणि रेडिओ धरलेला एक हात आहे. तो हात माझा. त्या वेळी मी हसून सोडून दिलं. मैत्रीत असल्या गोष्टी मनात ठेवायच्या नसतात असं मला वाटायचं.

मग डॉक्टरच्या मनाने घेतलं की आपल्या जीपने आफ्रिका बघायची. गाडी न्हावा शेव्याहून बोटीने मोंबासाला जाणार, आपण विमानाने जायचं, आणि तिथून केनियाभर गाडीतून रेडिओवर बोलत फिरायचं. ‘तू चल मास्तर, तुझ्याशिवाय रेडिओ कोण सांभाळणार?’ असं तो म्हणाला आणि मी हुरळून गेलो. केनियात रेडिओ चालवायला तिथली परवानगी लागते. आम्ही दोघांनी अर्ज केले. माझा परवाना वरच्या श्रेणीचा, त्याचा खालच्या. माझी परवानगी आली, त्याची आलीच नाही. म्हणजे जीप त्याची, पण त्या जीपमधून हवेवर जाणारं नाव माझं. ह्या वाटणीवर मी मनातून खूश होतो, हे कशाला लपवू?

शाळा सुटली की मी त्याच्या अंगणात जीपखाली आडवा. मागच्या बंपरवर अँटेना बसवली, बॉनेट आणि दरवाजे तांब्याच्या पट्ट्यांनी बॉडीला जोडून घेतले, नाहीतर इंजिनाची सगळी कुरकुर रेडिओत शिरते. डॉक्टर व्हरांड्यात नकाशे पसरून बसलेला असायचा.

कापड्याची तयारी मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. तात्या, म्हणजे माझे वडील, तिथे माझ्या मोठ्या भावाकडे असतात. त्यांनी जन्मभर वरंध घाटात मैलकामगार म्हणून रस्त्याची डागडुजी केली. वाचायला ते बेताचंच शिकले, पण माझी कॉल साइन त्यांना तोंडपाठ आहे. महाडला आले की ते माझ्या रेडिओशेजारी खुर्ची ओढून बसतात. हवेवर एकमेकांना आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगायची पद्धत आहे. पाच-नऊ म्हणजे शब्द न् शब्द कळतोय आणि आवाजही दणदणीत आहे. खरं तर ऐकू येवो न येवो, बहुतेक जण पाच-नऊच सांगतात. एकदा तात्यांनी मला टोकलं, ‘एवढी खरखर हाय, नि पाच-नऊ कसा काय सांगितलास?’

मी म्हणालो, ‘समोरच्याला बरं वाटावं म्हणून, तात्या.’

‘असा हाय काय,’ ते म्हणाले, आणि पुन्हा ऐकायला लागले.

त्यांच्या वाडीत मोबाइलची रेंज नाही. म्हणून मी तिथे एक छोटा, नुसता ऐकायचा रेडिओ नेऊन ठेवला. घराच्या कौलापासून परसातल्या फणसापर्यंत तार ताणली. बायकोच्या नेलपॉलिशने रेडिओवर खूण केली आणि तात्यांना सांगितलं की काटा इथून हलवू नका. दर रविवारी दिवेलागणीला कापड्याला ऐकत बसायचं. केनियात तेव्हा अजून ऊन असेल, मी गाडीतून बोलेन. त्यांना उलट बोलता येणार नव्हतं, पण माझा आवाज आफ्रिकेतून त्यांच्या ओटीवर पोहोचला असता. तात्यांनी हे दुसऱ्याच दिवशी सगळ्या वाडीला सांगून टाकलं.

पहिला रविवार मोंबासाच्या बंदरात गाडी सोडवण्यातच गेला. पुढचे दिवस फिरण्याचे. सकाळी डॉक्टर गाडी चालवायचा, दुपारनंतर मी. गाडी माझ्या हातात आली की माईक त्याच्या हातात. परवानाधारक शेजारी असताना पाहुण्याने बोलायला हरकत नसते, फक्त पाहुणा आहे हे सांगायचं असतं. पहिले एक-दोन दिवस त्याने ते सांगितलं. मग त्याला त्याचा कंटाळा आला. पुढे तो माझी कॉल साइन आपलीच असल्यासारखी पुकारायला लागला. युरोपातले, आखातातले लोक त्याला उत्तर द्यायचे आणि तो माझ्याकडे बघून अंगठा वर करायचा. मी एकदा त्याला टोकून पाहिलं. तो म्हणाला, ‘अरे, हवेवर कोण बघतंय?’

दुसऱ्या रविवारी आम्ही उत्तरेकडच्या एका लाल मातीच्या रस्त्यावर होतो. दोन्ही बाजूंना काटेरी झाडं, पुढे एक ट्रक धुरळा उडवत चाललेला. गाडी मी चालवत होतो. मी सकाळपासून सांगून ठेवलं होतं की आज माझ्या वडिलांची वेळ आहे. ‘हो रे, बँड कसा आहे, आवाज कुठवर जातोय तेवढं बघतो आणि देतो तुला,’ असं म्हणून त्याने मी तात्यांसाठी ठरवलेल्या खुणेवर रेडिओ लावला आणि माझी कॉल साइन पुकारली. सोलापूरचा एक जण मराठीतच उत्तरला. इतका स्वच्छ आवाज की शेजारच्या खोलीतून बोलतोय असं वाटावं. म्हणजे कापड्यालाही सगळं नीट ऐकू जात असणार. माझा जीव सुपाएवढा झाला.

सोलापूरकरांनी विचारलं, ‘सर, आपण महाडचे ना? कॉल साइन ओळखीची आहे.’

डॉक्टर म्हणाला, ‘हो, हो, मीच तो.’

‘वा. एवढ्या लांब एकटेच, की बरोबर कोणी आहे?’

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मग तो माईकमध्ये म्हणाला, ‘ड्रायव्हर आहे बरोबर. आपल्या तिकडचाच आहे. चांगला आहे.’

कापड्याला दिवेलागण झाली होती. नेलपॉलिशच्या खुणेवर काटा होता. मी माईकसाठी हात पुढे केला. ‘थांब, थांब, आणखी लोक बोलावतायत,’ म्हणून त्याने माईक खिडकीकडे नेला. माझं डोकं फिरलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घातली, माईक हिसकावून घ्यायचा म्हणूनच घातली, आणि एका झाडाची खाली आलेली फांदी अँटेनेत अडकली. कडकन आवाज झाला. खाली उतरून पाहिलं तर अँटेनेची तारेची कॉइल मधोमध दुभंगलेली, म्हणजे रेडिओ मुका. ती मी माझ्या हाताने गुंडाळली होती. दुसरी आमच्याजवळ नव्हती, आणि त्या रानात मिळण्यासारखीही नव्हती.

डॉक्टर उतरला, अँटेनेकडे पाहून म्हणाला, ‘बघून घ्यायची ना रे गाडी.’

मुक्कामावर चहा पिताना मी त्याला विचारलंच. तो चिडला नाही, त्याला नुसतं नवल वाटलं. ‘अरे, मी तूच आहे असं धरून बोलत होतो. मग तू कोण म्हणून सांगणार? तोंडाला आलं ते बोललो.’

‘मित्र म्हणायचं होतं.’

‘हो की,’ तो म्हणाला. ‘ते सुचलंच नाही बघ.’

तो खोटं बोलला असता तर मला सोसलं असतं. मुद्दाम अपमान केला असता तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण त्याला खरोखरच सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांचा चहा, इतक्या संध्याकाळच्या गप्पा, पुरातली धावपळ, आणि शेजारच्या सीटवर बसलेला मी कोण, ह्याला त्याच्या तोंडी आलेला पहिला शब्द ‘ड्रायव्हर’ होता. परकी माणसं मात्र आम्हा दोघांना सारखंच ‘इंडिया?’ विचारत होती.

उरलेल्या प्रवासात मी हत्ती पाहिले, जिराफ पाहिले. शाळेतल्या मुलांना त्यांचंच सांगतो. भाऊ पोलादपूरला कामाला जातो, त्याच्या मोबाइलवर एकदा फोन करून ‘सगळं ठीक आहे’ एवढं कळवलं. बाकीचं फोनवर काय सांगायचं?

परत आलो आणि पहिल्या सुट्टीला कापड्याला गेलो. वहिनी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली, घराकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, ‘भावोजी, त्या दिवशी सगळी वाडी जमली व्हती वो. तुमचा तो नंबर पुकारला तसं तात्या उठून उभं राह्यलं. मंग तो डायवरचा बोलला ना, तवा त्यांनी रेडिओ बंद केला नि समद्यांना सांगितला, सेल उतरलं म्हणून. सेल नवं व्हतं. मीच आणलं व्हतं.’

मी आत गेलो. तात्या ओटीवर बसले होते. रेडिओ फळीवर, स्वच्छ टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. त्यांनी मला जवळ बसवलं आणि आधी तिकडच्या रस्त्यांची चौकशी केली. लाल मातीचे आहेत, मुरूम टाकलेले, मी म्हणालो.

‘बाजूला गटार हाय काय?’

‘नाही.’

‘मंग नाय टिकायचं ते.’

वहिनी चहा ठेवून गेली. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारून बसलो. ‘तात्या, त्या रविवारी आवाज आला होता का माझा?’

तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. माझ्याकडे पाहिलं नाही.

‘आला ना,’ ते म्हणाले. ‘पाच-नऊ.’

त्यांनी बशी रिकामी करून खाली ठेवली आणि तोंड पुसलं.

‘तो मधी मधी बोलत व्हता तो कोण रे? डायवर व्हता काय तुझा?’

मी हो म्हणालो.