मामांचा आवाज गेला तेव्हा

आमचे मामा शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी मैदानावर "सावधान" म्हटलं की पाचशे मुलं तर ताठ व्हायचीच, पण फाटकाबाहेरचा पोस्टमनही सायकलवरून पाय खाली टेकायचा. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तीन महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बोलायला एक पाटी आणली. पण चार दिवसांत मामांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीत गप्प बसून राहिले.

मामीला ते बघवेना. जनावरांच्या दवाखान्यात कुणीतरी खोक्यात घालून सोडून दिलेली पिल्लं होती, त्यातलं एक ती पिशवीतून घेऊन आली. दीड-दोन महिन्यांची तपकिरी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. मामांनी पाटी उचलून लिहिलं, "हे कोण निस्तरणार?"

"मी. अजून कोण?" मामी म्हणाली.

पहिल्याच दिवशी घरात चार तळी झाली आणि पडद्याच्या कडेच्या चिंध्या. म्हणून नावही चिंधीच पडलं.

मामीने शिकवणी सुरू केली. "बस गं बाळा. बस म्हणते ना. अगं, किती वेळा सांगायचं, तू शहाणी ना माझी? बस की." एवढ्या बोलण्यातलं नेमकं काय ऐकायचं ते चिंधीला कळेना, म्हणून ती मामीचा अंगठा चावायची.

मामांनी आठ दिवस हे पाहिलं. नवव्या दिवशी ते उठले, उकडलेल्या अंड्याचा तुकडा मुठीत धरला, तिच्या नाकापुढे नेला आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवला. मान वर गेली तसं तिचं बूड आपोआप जमिनीला टेकलं. टेकल्याबरोबर तुकडा तोंडात. असं पाच-सहा वेळा झालं. मग मामांनी नुसताच तळहात वर केला. चिंधी बसली. मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

त्या दिवसापासून मामांनी वेळापत्रकच लावलं. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. पहाटेच्या थंडीत ते स्वेटर घालून अंगणाच्या त्याच कोपऱ्यात उभे राहायचे. घरात चूक झाली तर न रागावता स्वतःच फडकं घेऊन पुसायचे.

"स्वतःच्या पोरांचं कधी एक दुपटं बदललं नाहीत," मामी म्हणाली.

मामांनी लिहिलं, "तेव्हा शाळा होती. चुकलंच."

मामीने ती पाटी लगेच पुसली नाही.

तिसऱ्या महिन्यात गॅसवाल्याने फाटक उघडं टाकलं आणि चिंधी थेट रस्त्यावर गेली. मामी हाका मारत मागे धावली. चिंधीला वाटलं, खेळच चाललाय. ती आणखी लांब पळाली. समोरून टेम्पो येत होता. मामांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मामीचा हात धरून तिला थांबवलं, चिंधीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवर थापट्या मारू लागले. चिंधी थबकली. आपल्याला सोडून मामांना तिथे काय सापडलंय ते बघायला ती दुडदुडत परत आली आणि त्यांच्या काखेत नाक खुपसलं. टेम्पो निघून गेला. मामांनी तिला उचलून छातीशी धरलं.

"मी घसा फोडला त्याचं काही नाही," मामी म्हणाली आणि पायरीवर बसून रडली.

पुढे मामांचा आवाज परतला, पण अगदी बारीक आणि खरखरीत. मैदानावरचा आवाज काही आला नाही. आता रविवारी आसपासचे लोक आपापली पिल्लं घेऊन अंगणात येतात. मामांचं ऐकायला त्यांना जवळ सरकावं लागतं.

चिंधी सहा वर्षांची झाली. सोफ्यावर चढायचं नाही, हे मात्र तिला अजून कुणी शिकवू शकलेलं नाही. त्या बाबतीत मामाच फितूर आहेत. मामी बाजारात गेली रे गेली, की ते उशी बाजूला सारून तिला जागा करून देतात.