हजेरीच्या रांगेतल्या बाया

मधली सुट्टी झाली की शालन जाधव शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि पडद्यावरच्या परक्या बायकांना नावं विचारायच्या. मी इंग्रजी शिकवायला नवीनच लागले होते. एकदा दारातून मी त्यांचं बोलणं ऐकलं. पडद्यावर अमेरिकेतली कापूस वेचणारी एक बाई होती, खांद्यावरून मागे लोळणारं लांब पोतं आणि उन्हानं बारीक झालेले डोळे. शालनताई तिला म्हणत होत्या, "तुजं नाव काय गं माय? फोटो काढणाऱ्याचं हाय, गावाचं हाय, तुजंच तेवढं न्हाय." मी दिसले तशा सावरून पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "बसा मॅडम. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाचा संग्रह आहे. फुकट आहे, कुणीही बघावं."

त्या इतिहास शिकवायच्या. पन्नाशी जवळ आलेली, उंच, काटक बाई. लग्न केलेलं नव्हतं, सोलापुरात भवानी पेठेत म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायच्या. धडा कुठलाही असो, वर्गात अमेरिकन संग्रहालयातलं एखादं चित्र दाखवल्याशिवाय त्यांचा तास पुरा व्हायचा नाही. बर्फातून लाकडं ओढणारी माणसं, धुणं वाळत घालणारी बाई, नदीकाठी थांबलेल्या गाड्या. त्याच्याशेजारी त्याच काळातलं छायाचित्र लावायच्या आणि सांगायच्या, "चित्रकार त्याला पाहिजे तेवढंच काढतो. फोटोत नको असलेलं पण येतं. कडेला बघा पोरांनो, कडेला." मुलं कडेला बघायची, तिथं एखादं अनवाणी पोर नाहीतर मालकाची काठी सापडायची.

हा नुसता छंद आहे असं मी बरेच दिवस समजत होते. एकदा त्यांनी शोधाच्या चौकटीत सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकलं आणि म्हणाल्या, "मधी एच घातल्याशिवाय आपलं गाव त्येंना घावत न्हाय." मग त्यांनी सांगितलं. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. सोलापुरात त्यांना काटेरी तारेच्या आत कोंडून ठेवलं होतं, रोज हजेरी द्यावी लागायची. काही वर्षं तिथला कारभार अमेरिकन मिशनऱ्यांकडं होता. त्यांनी काढलेले फोटो त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेले आणि आता हळूहळू इंटरनेटवर येत होते. शालनताईंचे वडील तारेच्या आत जन्मले होते. ते लहान असतानाच त्यांची आई गेली.

"आबांना आईचं तोंडच आठवत न्हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या हातातलं कडं तेवढं आठवतंय. त्येंची नजर जायच्या आत मला एकदा त्येंना ती दाखवायचीय."

कित्येक महिने त्या शोधत राहिल्या. शेवटी त्या ग्रंथालयाच्या संग्रहात एक फोटो सापडला. फाटकाच्या आत ओळीनं उभ्या बायका, समोर खुर्चीवर हजेरीपुस्तक घेऊन बसलेला गोरा साहेब, मागे तार. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'गुन्हेगार जमातीच्या बायका, हजेरी'. नाव एकीचंही नव्हतं. शालनताईंनी स्टुडिओतून तो मोठा करून आणला आणि घरी जाताना मलाही बरोबर घेतलं. "तुमी चला. बाहेरचं माणूस असलं की आबा धीरानं घेत्यात."

आबा खिडकीशी बसले होते. जाड भिंग घेऊन त्यांनी एकेकीचं तोंड बघितलं, मग हातातलं कडं शोधलं. प्रत्येकीपाशी थांबून नाही म्हणून मान हलवली. मग भिंग खाली ठेवून विचारलं, "कुटं घावला ह्यो?"

"अमेरिकेत हाय आबा," शालनताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर दिसतो."

"म्हंजी समद्यांना दिसतुय?"

"व्हय."

आबांनी खिडकी लावून घेतली. मिलमधली सगळी नोकरी त्यांनी मूळ गाव वैराग असं सांगून केली होती. ते तारेच्या आतले हे गल्लीत आजही कुणाला ठाऊक नव्हतं. "जल्मभर मी वैरागचा म्हणून ऱ्हायलो," ते म्हणाले. "तू मला परत तारंच्या आत न्हेऊन उभा केलास, शालन. काढून टाकाय सांग त्येंना." आणि फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं पालथा घातला.

त्यानंतर ते मुलीशी जेवणाखाण्यापुरतं बोलले. थंडी सरायच्या आत ते गेले. स्मशानातून परतताना शालनताई मला म्हणाल्या, "आई तर घावली न्हाय त्येंची. आन जाताना बोलले पण न्हाईत माज्याशी." त्या रडल्या नाहीत. पुढं काही दिवस हा विषयही त्यांनी काढला नाही.

आता त्या हे सोडून देतील असं मला वाटलं. पण महिन्याभरानं त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "आबांना लाज वाटली ती फोटोची न्हाय, त्याच्याखालच्या शब्दाची. तो शब्द काढायचा. तुमी इंग्रजीत लिवा." मी त्या ग्रंथालयाला ईमेल लिहिला. उत्तर सभ्य होतं. मूळ ओळ हा इतिहासाचा भाग आहे, ती पुसता येत नाही. मात्र कुणी त्या बायकांची नावं घरच्यांच्या संमतीनं कळवली, तर खाली टीप जोडता येईल.

शालनताई फोटो घेऊन एकट्याच, पूर्वी तार होती त्या जुन्या वस्तीत गेल्या. तिथं सोनाक्का म्हणून नव्वदी ओलांडलेली म्हातारी होती, तारेच्या आतच वाढलेली. तिनं चौघींवर बोट ठेवून नावं सांगितली. शालनताईंची आजी त्यांत नव्हती. त्यांनी फोटोच्या मागे, ज्या त्या तोंडाच्या पाठीला, पेन्सिलनं नावं लिहिली आणि चौघींची घरं शोधायला लागल्या.

त्या फेऱ्यांना मी बरोबर असायची. तीन घरांनी होकार दिला. एका घरातली सून फोटो छातीशी धरून बसली, तो सोडवून घेताना आमचीच पंचाईत झाली. चौथ्या घरी संजय नावाचा नातू दारात उभा राहून सगळं ऐकत होता. कुठल्याशा कचेरीत कारकून होता. आत या म्हणाला नाही.

"मॅडम, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय," तो म्हणाला. "तुमाला इतिहास पायजे, मला जावई पायजे. आमच्या आजीचं नाव कुठं घालायचं न्हाय."

"बरं," शालनताई म्हणाल्या. तिथंच पायरीवर बसून त्यांनी पर्समधलं खोडरबर काढलं, फोटो पालथा केला आणि ते नाव खोडलं. अक्षर राहू नये म्हणून जोर देऊन घासलं. रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, निदान आपल्यापुरतं तरी ठेवायचं होतं. त्या म्हणाल्या, "न्हाय. माणूस नको म्हणत असताना नाव लिवून ठेवायचं, म्हंजी ती हजेरीच झाली की."

त्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला, तोही उशिरा. शेवटी दवाखान्यात त्यांचं वजन राहिलंच नव्हतं, हात धरला तर हाडच लागायचं. तिघींची नावं फोटोखाली आली ती तेव्हाच. या बायकांनी गुन्हा केलेला नव्हता, कायद्यानं त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, असंही एक वाक्य होतं. मी मोबाइलवर त्यांना वाचून दाखवलं.

"स्पेलिंगं बरोबर हायत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग बरं झालं," म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. फोटो त्यांनी माझ्याकडे द्यायला सांगितलं होतं.

वर्ष उलटलं असेल. एके दिवशी शाळा सुटताना संजय मला शोधत आला. मुलीचं लग्न झालं होतं. ती पुण्याला असते. तिलाच तो फोटो इंटरनेटवर दिसला होता आणि तिनं बापाला फोन करून विचारलं होतं, यातली आपली कोण?

"आजीचं नाव घालायचं म्हणतो," तो म्हणाला. "बायडाबाई. जाधव मॅडमला भेटायचं होतं."

मॅडम गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तसा तो बाकावर बसला. मी कपाटातून फोटो काढून दिला आणि विचारलं, "यातल्या बायडाबाई कुठल्या?"

"मी कुठं बघितलंय आजीला? तुमाला म्हाईत असंल की."

मला माहीत नव्हतं. फोटो उलटा करून आम्ही दोघांनी उजेडात धरला. घासलेल्या जागी कागदाचा नुसता खरखरीतपणा होता, आणि त्या जागेच्या बरोबर पुढच्या बाजूला तीन-चार तोंडं दाटीनं आली होती. आम्ही रिक्षा करून वस्तीत गेलो. सोनाक्काच्या दारात तिची नात भांडी घासत होती. म्हणाली, "आक्का दिवाळीच्या आदीच गेली."

संजय रस्त्याच्या कडेला फोटो घेऊन उभा राहिला. रांगेतल्या कुठल्या बाईकडे बघावं ते त्याला कळेना.