चंदेरी रंगाखालचा ताप

श्री. वासुदेवराव मेस्त्री साठ वर्षांचे झाले, म्हणून त्यांच्यावर चार गोड शब्द लिहा, असे मला सांगण्यात आले. गोड लिहिण्याची मला सवय नाही. खरे लिहिते.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळच्या आमच्या बर्फ कारखान्यात मी कार्यालयप्रमुख होते. मेस्त्री फिटर म्हणून आले, ते कंपन मोजण्याचे छोटे यंत्र, तापमान पाहण्याची बंदूक आणि एक वही घेऊन. रोज सकाळी ते प्रत्येक मोटरवर खडूने आखलेल्या त्याच वर्तुळात मोजमाप घेत.

"मेस्त्री, डॉक्टर झालात की काय?" मी विचारले.

"बाईनू, डॉक्टराक पेशंट सांगता खंय दुखता. हेका तोंड आसा? हेची नाडीच बघूक व्होयी."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीही माझे तोंड इतक्या सभ्यपणे बंद केले नव्हते.

पुढे एका खंडेनवमीला पूजेसाठी सगळ्या मोटरी चंदेरी रंगाने चकचकीत झाल्या. दसऱ्यानंतर मोठ्या मोटरचे तापमान वहीत एकदम उतरले, कंपन मात्र रोज चढू लागले. "मोटर बंद करून बेअरिंग उघडूया," मेस्त्री म्हणाले. मासळीचा ऐन हंगाम, बर्फासाठी होड्या खोळंबलेल्या. मालकांनी नकार दिला आणि मी त्यांची री ओढली. सगळ्या कामगारांदेखत मी म्हणाले, "तुमचे एक यंत्र म्हणते गार, दुसरे बोंब मारते. आधी त्यांचे भांडण मिटवा!"

लोक हसले. मेस्त्रींनी वर्तुळातला रंग खरवडला, तिथे काळी चिकटपट्टी लावली आणि थोड्या वेळाने बंदूक पुन्हा रोखली. आकडा पाहून माझे हसू मावळले.

"बाईनू, रंग चकचकीत आसा. बंदुकेक गार दिसता, आतसून मोटर तापलेली आसा."

मोटर थांबवली. बेअरिंगच्या गोळ्या झिजून खड्डे पडले होते. बेअरिंग चालताचालता अडकून मोटरचा पट्टा तुटला असता, तर तो समोर काम करणाऱ्या आमच्या सुलोचनेला लागला असता. तिची जागाच ती.

मालक कडाडले, "हे रंग लावायचे डोके कोणाचे?"

मेस्त्री म्हणाले, "पूजेचो रंग तो, मालकांनू. सगळ्यांनीच लावलो."

मी गप्प राहिले.

त्यानंतर तिथे मोठा बिघाड झाला नाही. त्याचे बक्षीस काय मिळाले? नवे व्यवस्थापक विचारू लागले, "काही बिघडतच नाही, तर रोज मोजायचे कशाला?" अहो, मोजतात म्हणून बिघडत नाही! आज शाल आणि श्रीफळ घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काहींनी मेस्त्रींची वही रद्दीत घालायला सांगितली होती. त्यांची नावे लिहीत नाही. आधी माझे लिहायला हवे.

तो चंदेरी रंग लावण्याचा हुकूम माझा होता. मेस्त्रींना तेव्हाही ते ठाऊक होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, माझ्याकडेही नाही. मेस्त्री, चूक माझी होती. चारचौघांत तुमचा अपमान केला, म्हणून चारचौघांतच माफी मागते.

आता मोजमाप मेस्त्रींच्या हाताखाली शिकलेली सुलोचना घेते. खंडेनवमीला ती वर्तुळे सोडून रंग लावून घेते, आणि फूल ठेवायचे तर बाजूला. गेल्या महिन्यात तिने एका पंपाचे दुखणे मेस्त्रींच्याही आधी ओळखले. ते सांगताना ती नाही, मेस्त्रीच फुलले होते.

सुलोचनेने मोजत राहावे आणि शेजारी खुर्ची टाकून मेस्त्रींनी तिच्या चुका शोधाव्यात. एकही सापडू नये. अशी पुष्कळ निरोगी वर्षे त्यांना लाभोत.